पंधरावा नंबर आणि सातबाऱ्यावरचा बोजा

गुरुवार, २२ मे २०२५

टॉटनहॅमनं एकाच मोसमात आपल्या मँचेस्टर युनायटेडला चारदा हरवावं आणि चौथ्यांदा थेट फायनलमध्ये हरवावं, हे पचायला जड आहे. इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगमध्ये सोळाव्या नंबरवरची आपली टीम आणि सतराव्या नंबरवरची त्यांची टीम, युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या नंबरच्या स्पर्धेच्या फायनलला समोरासमोर. कोणीतरी जिंकणं भाग होतं, म्हणून ते जिंकले. १-०.

सामना आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाला. घरात रेंज नाही, म्हणून बाज अंगणात टाकली होती. धाकटा चुलतभाऊ मँचेस्टर सिटीवाला, तरी युनायटेडची फजिती पाहायला खास जागत बसला. गोल बेचाळिसाव्या मिनिटाला. ब्रेनन जॉन्सनचा पाय लागला की आमच्याच ल्यूक शॉच्या अंगाला लागून चेंडू आत गेला, हे रिप्ले पाहूनही धड कळेना. दुसऱ्या हाफमध्ये चेंडू सगळा आमच्याकडे, पण त्याचं करायचं काय हे अकरापैकी एकालाही ठाऊक नाही. हॉयलुंडचं हेडर रिकाम्या गोलात चाललंच होतं, तेवढ्यात व्हॅन डे व्हेननं हवेत आडवं होऊन लाथेनं ते रेषेजवळून बाहेर काढलं. चुलतभाऊ टाळ्या पिटत बाजेवरून उठला. आतून माय ओरडली, "काऊन रे, चोर आला का कोनाच्या घरी?"

२१ मेचंच हे. २००८ मध्ये याच तारखेला मॉस्कोला आम्ही चेल्सीला पेनल्टीवर हरवून चॅम्पियन्स लीग, युरोपातली सर्वांत मोठी स्पर्धा, जिंकलो होतो. पेनल्टी मारताना चेल्सीच्या टेरीचा पाय घसरला ती रात्र. अमरावतीच्या होस्टेलवर वॉर्डनच्या टीव्हीसमोर बसून पाहिलं आणि तेव्हापासून हे दुखणं मागे लागलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. हा सामना बिलबाओच्या मैदानावर झाला. तिथला अ‍ॅथलेटिक क्लब सभासदांच्या मालकीचा. त्या मैदानावर ज्या दोन टीम खेळल्या, त्या दोन्हींचे चाहते वर्षभर आपापल्या मालक-चालकांच्या नावानं शंख करत होते. टॉटनहॅमवाले अध्यक्ष डॅनियल लेव्हीच्या नावानं, आम्ही मालक ग्लेझर कुटुंबाच्या.

शुक्रवार, २३ मे

काल आणि आज पानठेल्यावर हाच विषय. आमच्या गावात फुटबॉल पाहणारे तसे एका बाजेवर मावतील, बाकी सगळे आयपीएलवाले. पण भांडण ऐकायला गर्दी कमी पडत नाही.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत, आणि लिव्हरपूलवाले. यंदा त्यांची टीम चॅम्पियन, तेही टॉटनहॅमलाच ५-१ मारून. म्हणजे त्यांच्याही २० लीग झाल्या. आमची विसावी २०१३ ची, कोच फर्ग्युसनसाहेब निवृत्त झाले त्या वर्षीची, आणि गाडी तिथंच थांबली. त्यामुळे गुरुजींचा आवाज सध्या सुट्टीतही वर्गात लागतो तसा लागतो. "राजेहो, मालक धड असला की सगळं धड होते. आमचे पाहा."

मला याच बोलण्याची चीड येते. हे धड मालक म्हणजे अमेरिकेचे फेनवेवाले, त्यांनी २०१० मध्ये ३० कोटी पौंडांत लिव्हरपूल घेतलं. २०१६ च्या फेब्रुवारीत त्यांनीच सर्वांत महागडं तिकीट ७७ पौंडांचं ठरवलं, तेव्हा अ‍ॅनफिल्डवर हजारो माणसं बरोबर ७७ व्या मिनिटाला उठून बाहेर गेली. टीम २-० ने पुढे होती. लोक उठून गेले आणि सामना २-२ झाला. काही दिवसांतच मालकानं माफी मागून ते तिकीट मागे घेतलं. ही गोष्ट मला फार आवडते. आमच्या लोकांना हे जमलं नाही. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये बारा बड्या क्लबांनी मिळून आपलीच वेगळी सुपर लीग काढायचं खूळ काढलं, त्यात लिव्हरपूलही होतं. तेव्हा याच ठेल्यावर, याच बाकड्यावर बसून गुरुजी त्या मालकांना "चोट्टे" म्हणाले होते. मी आठवण करून दिली तर म्हणतात, "ते तवाचं होतं."

माझं म्हणणं एवढंच आहे. चाहत्याचं मालकाबद्दलचं मत पॉइंट टेबल पाहून बनतं. नंबर वर असला की मालक दूरदृष्टीचा, खाली गेला की लुटारू. न्यूकॅसलला २०२१ मध्ये सौदीच्या सरकारी फंडानं घेतलं तेव्हा लोक सौदींसारखी डोक्याला फडकी बांधून स्टेडियमबाहेर नाचले, आणि यंदा मार्चमध्ये लीग कप जिंकल्यावर तर विचारूच नका. ७० वर्षांनी देशातली ट्रॉफी आली म्हटल्यावर पैसा कुठून आला हे कोण विचारणार? चुलतभावाच्या सिटीवर २०२३ पासून पैशाचे नियम मोडल्याचे ११५ आरोप आहेत, त्यांचा निकाल अजून लागायचा आहे. त्याला विचारलं की एकच उत्तर, "लागू दे ना दादा निकाल." यंदा एफए कपच्या फायनलला क्रिस्टल पॅलेसकडून हरले तेव्हापासून मात्र तोही थोडा विचार करायला लागला आहे. हरल्यावर माणसाला बरंच दिसायला लागतं.

आमचंही तेच. ग्लेझरनं क्लब घेतला २००५ मध्ये. तेव्हा काही लोक चिडून निघून गेले आणि त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा वेगळा क्लब काढला. २०१० मध्ये हिरवे-पिवळे मफलर निघाले, न्यूटन हीथ या युनायटेडच्या मूळ क्लबच्या रंगाचे. मिलानकडून खेळायला आलेल्या आमच्याच जुन्या बेकहॅमनंही सामना संपल्यावर एक उचलून गळ्यात घातला. पण मधल्या वर्षांत बाकीच्यांचा राग काही टिकला नव्हता. २००७, २००८, २००९ अशा लागोपाठ तीन लीग आल्यावर कर्जाची चिंता कोणाला असते?

ठेलेवाल्याला फुटबॉलमधलं काही कळत नाही. पान लावता लावता त्यानं विचारलं, "पन त्या ग्लेझरनं केलं काय येवढं?" मी म्हटलं, असं समज, मला तुझं वावर घ्यायचं आहे. पैसे नाहीत. मी बँकेकडे जातो, तुझंच वावर गहाण टाकतो, त्या पैशात वावर विकत घेतो, आणि बोजा तुझ्याच सातबाऱ्यावर चढतो. मग दरवर्षी पिकेल त्यातून बँकेचं व्याज जातं. त्यानं चुना लावायचा थांबवून माझ्याकडे पाहिलं. "असं कायद्यात बसते?" तिकडे बसतं. सौदा सुमारे ७९ कोटी पौंडांचा होता, त्यातला मोठा भाग उसना, आणि तोवर कर्जमुक्त असलेला क्लब तेव्हापासून व्याज भरतो आहे. ठेलेवाल्याला मी आजवर दिलेलं हे सर्वांत सोपं उत्तर असावं, कारण त्यानं लगेच ते पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितलं, आणि त्यात ग्लेझरला यवतमाळचा सावकार करून टाकलं.

पण, आणि इथं आमच्या युनायटेडवाल्यांना राग येतो, परवाची हार ग्लेझरच्या खात्यात टाकता येत नाही. बोजाचा हिशोब वेगळा, खेळाचा वेगळा. मालकानं पैसा सोडला नाही म्हणावं तर अँटनीसाठी २०२२ मध्ये ८ कोटींवर पौंड गेले की! तोच अँटनी जानेवारीत उसना म्हणून स्पेनच्या बेटिसला गेला आणि तिथं माणसात आला. आमचा कोच अमोरिम, त्याचं बचावात मधोमध तीन गडी, म्हणजे तीन सेंटर बॅक, ठेवायचं गणित आहे, त्यात मधल्या फळीत दोघंच उरतात. त्या दोघांत एक कासेमिरो. गडी गुणी, पण पायात आता जीव नाही. समोरचे तिघं आले की दुसरा, ब्रुनो, एकटा किती पळणार? जानेवारीत ब्रायटनकडून हरल्यावर अमोरिम स्वतःच म्हणाला की क्लबच्या इतिहासातली ही कदाचित सर्वांत वाईट टीम असेल. खरं बोलला, पण कोचनं हे बोलायचं नसतं.

शनिवार, २४ मे

बियाण्याची चौकशी करायला दारव्ह्याला गेलो होतो. कपाशीच्या पेरणीला अजून वेळ आहे हे माहीत असूनही माणूस जातोच. येताना मोतीबाग स्टेशनवरून आलो. शकुंतला रेल्वेचे रूळ गवतात गेलेत.

यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी लाईन इंग्रजांच्या काळी वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेली. इथला कापूस मुंबईला, तिथून जहाजानं लँकेशायरच्या गिरण्यांत. गाडीला १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, ते १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं. आणि गंमत म्हणजे स्वातंत्र्यानंतरही हे रूळ सरकारचे नव्हते, खासगी कंपनीचेच राहिले. आमचे आजोबा आयुष्यभर त्या गाडीत बसले, "आपली शकुंतला" म्हणत. मालक कोण हे त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

न्यूटन हीथ म्हणजे आजचं युनायटेड, तेही १८७८ मध्ये रेल्वेच्या कामगारांनीच काढलेलं. ही माहिती घरी सांगितली. बायको म्हणाली, "मंग बियान्याचं काय झालं?"

रविवार, २५ मे

शेवटचा सामना. अ‍ॅस्टन व्हिला, २-० ने जिंकलो. पंधरावा नंबर, ४२ गुण, १८ हारी. टॉटनहॅम सतरावे, पण कप त्यांच्याकडे.

मंगळवार, २७ मे

आज नवीनच माणूस वादात पडला. गावात ज्यांचं कोंबड्यांचं शेड आहे ते काका. म्हणाले, "पुन्याच्या वेंकीजवाल्याची बी टीम हाये म्हनते ना तिकडं?"

आहे. ब्लॅकबर्न रोव्हर्स. आपल्या लोकांना ठाऊकच नसतं. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या कोंबडीवाल्या वेंकीजनं हा क्लब घेतला. साधासुधा क्लब नव्हे, १९९५ चा प्रीमियर लीग चॅम्पियन. तेव्हा मालक होता जॅक वॉकर, गावातलाच पोलादाचा व्यापारी. वेंकीज आले, महिन्याभरात कोच अ‍ॅलरडाइसला काढलं, आणि २०१२ च्या मे महिन्यात टीम खालच्या लीगमध्ये गेली. त्या दिवशी भर पावसात कोणीतरी ब्लॅकबर्नचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. काका हसून हसून खोकले. मग जरा गंभीर होऊन विचारलं, "देशी होती का ब्रॉयलर?"

ब्लॅकबर्न मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. ग्लेझर क्लबमधून पैसा काढतात म्हणून शिव्या खातात. वेंकीज तर वर्षानुवर्षं तोट्यात पैसा ओतत आलेत, तरी शिव्या खातात. म्हणजे भांडण नुसतं पैशाचं नाही. जॅक वॉकर त्याच गावात वाढलेला, तिथल्या लोकांच्या ओळखीचा. पुण्याचे मालक मैदानावर क्वचित दिसतात, बोलतात त्याहून कमी. माणसाला मालक शिव्या घालायला तरी समोर लागतो.

यावर गुरुजींनी जर्मनीचं काढलं. तिकडे १९९८ पासून नियम आहे की क्लबमध्ये मताचा निम्म्याहून जास्त हक्क सभासदांकडेच राहिला पाहिजे. "असंच सगळीकडं पायजे. लोकायचा क्लब लोकायच्या हातात."

ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या घरी पेटीत आजोबांचं एका सहकारी सूतगिरणीचं शेअर सर्टिफिकेट आहे. पिवळं पडलेलं, खाली दोन सह्या आणि जांभळा शिक्का. तेही मालकच होते. आमसभेला जायचे, अहवाल हातात घ्यायचे, चिवडा खायचे, "सर्वानुमते मंजूर" ऐकून घरी यायचे. गिरणी बुडाली ती सगळ्यांच्या मालकीची असतानाच बुडाली. मी हे बोललो तेव्हा गुरुजी गप्प बसले, कारण त्यांच्या वडिलांचंही सर्टिफिकेट असणार. तरी एक कबूल करायला हवं. आमसभेत उठून एकानं विचारायचं म्हटलं तर विचारता येत होतं. आमच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या कँटीनमधलं कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद करून भागीदार मालक रॅटक्लिफनं फळांवर भागवलं, शेकडो लोकांना काढलं, तिकीट ६६ पौंडांवर नेलं, ते विचारायला कोणती आमसभा आहे? आणि या रॅटक्लिफकडे हिस्सा पाव क्लबाहून जरासाच जास्त. मोठा मालक अजून ग्लेझरच. वर्षभर एकानं कात्री चालवायची आणि दुसऱ्यानं गप्प राहायचं, अशी वाटणी झाली आहे.

माझा स्वतःचा या धंद्याशी संबंध काय म्हणाल तर यवतमाळच्या बाजारातून घेतलेली अडीचशेची जर्सी. त्यातला एक पैसा ग्लेझरपर्यंत पोचला नसणार, याचं मला समाधान आहे.

शेवटी चुलतभावानं कोंडीत पकडलं. "दादा, मालक बदला, मालक बदला म्हन्ता. पायजे कोन तुमाले? तो कतारवाला शेख आला होता ना, चालला असता का?" त्या शेख जासिमनं युनायटेड विकत घ्यायची बोली २०२३ मध्ये मागे घेतली होती. मी म्हटलं, नसता चालला. गुरुजी हसले. "दोन लीग येऊ दे, मंग सांग. तूच पह्यले फटाके आनशील."

फटाके आणीन, त्यात काय. पण पैसा कुठून आला हेही विचारीन. गुरुजी म्हणाले, "लिहून दे."

तर लिहून दिलं आहे, तारखेसकट. चुलतभावानं याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.