जी जास्त खायची तीच मेली

खानापूर आणि बेळगाव तालुक्यात डुकरांचे फार्म आहेत, त्यांना घरच्या घरी खाद्य बसवून द्यायचं माझं काम. बहुतेक फोन "वजन येईना" एवढ्यासाठीच असतात. हा फोन नंदगडच्या बाजूचा, पोरगा पार घाबरलेला. "सर, चांगली चांगली मरायलेत ओ, बारकी आहेत तशीच हाईत."

हे ऐकूनच खटकलं. साथ आली की अशी दांडगी बघून नेत नाही. ताप नाही, संडास पातळ नाही, फक्त धाप लागते आणि उभं डुक्कर कोसळतं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी एक फाडून बघितलं होतं, छातीत पाणी साठलेलं आणि हृदय मोठं झालेलं. जंताचं औषध देऊन झालेलं होतं, त्याचा काय उपयोग होणार म्हणा.

मी डुकरं बघायच्या आधी पोती बघितली. उकडलेली रताळी (आमच्याकडं सीझनला स्वस्त मिळतात), भाताचा कोंडा, आणि कोपऱ्यात सरकी पेंडीची थप्पी. म्हशीला चालते, दूध वाढतं, मग डुकराला का नको, असा त्याच्या वडिलांचा हिशोब. आणि पेंड थोडीथोडकी नाही, दोन-तीन महिने रोज घमेल्यानं.

सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. म्हशीच्या कोठीपोटात ते बऱ्यापैकी बांधलं जातं, डुकराला तशी सोय नाही, त्याचं पोट आपल्यासारखं एकच. विष हळूहळू साठतं आणि हृदयावर, लिव्हरवर जातं. जे डुक्कर दुसऱ्याला ढकलून हौदावर पहिलं येतं त्याच्या पोटात सगळ्यात जास्त पेंड, म्हणून तेच आधी गेलं. बारकी वाचली कारण त्यांना पोटभर मिळतच नव्हतं.

"मग औषध काय?" वडिलांनी विचारलं. औषध नाही मामा, पेंड आजपासून बंद, आणि बंद केल्यावरही दोन-तीन आठवडे एखादं जाऊ शकतं, त्यांना पळवू नका, उन्हात हलवू नका. हे सांगताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता, पण खोटं सांगून काय उपयोग, उद्या एक मेलं की मलाच फोन.

मग खरं काम. शिंप्याची टेप घेऊन छातीचा घेर आणि कानाच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी घेतली. मीटरमध्ये घेर गुणिले घेर गुणिले लांबी, त्याला 69 नं गुणलं की वजन किलोत निघतं, थोडं इकडंतिकडं. एकाच वेताची पिल्लं, एक 50 च्या घरात तर एक 20 ला अडकलेलं, आणि सगळ्यांना एकच हौद! पहिल्यांदा वजनानुसार तीन कप्पे करायला लावले, ते नाही केलं तर पुढचा कागद फुकट.

100 किलोचं मिश्रण असं लिहून दिलं. 20 किलोपर्यंतच्यांना मका भरड 57, सोया पेंड 30, राईस पॉलिश (तांदूळ पॉलिश करताना निघणारा बारीक कोंडा) 10, म्हणजे प्रोटीन 20 टक्क्यांच्या आसपास. 20 ते 50 किलोवाल्यांना मका 53, सोया 24, पॉलिश 20, हे 18 टक्के. त्यावरच्यांना मका 52, सोया 15, पॉलिश 30, साधारण 15 टक्के. तिन्हीत मिनरल मिक्श्चर अडीच किलो आणि मीठ अर्धा किलो. सोया का, तर लायसिन, म्हणजे मांस धरायला लागणारा प्रोटीनचा एक घटक, मक्यात तेच कमी पडतं आणि ते नसलं की डुक्कर चरबी धरतं, मांस नाही. घरचं सोयाबीन कच्चं दळून घालू नका, भाजून घ्या, नाहीतर पचत नाही. रताळी फेकायची गरज नाही, मोठ्यांना थोड्या मक्याच्या जागी उकडून चालतात, पण त्यात पाणीच जास्त, प्रोटीन नावाला, त्यामुळं सोया कमी करायचा नाही.

सोयाचा भाव ऐकून वडील म्हणाले, "एवढं महाग खाऊ घालून गोव्याचा व्यापारी आम्हाला काय जास्त देणार हाय?" मी म्हटलं, मामा, पोत्याचा भाव बघू नका, एक किलो वजन वाढायला किती खाद्य गेलं ते वहीत लिहा. पोरानं तिथंच नवीन वही काढली. वडील काही बोलले नाहीत, सरकीची पोती मात्र शेजारच्या म्हशीवाल्यानं घासाघीस करून अर्ध्या दरात उचलली, आणि आता तो मलाच विचारतो, अजून कुठल्या फार्मवर आहे का शिल्लक.