पारा, पंप आणि आमची विहीर

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर गॅदरिंग, कबड्डीचं मैदान, प्रभातफेरी असं बरंच आठवलं. पण मी विज्ञानाच्या एकाच तासाबद्दल लिहिणार आहे. तो तास आमच्या विहिरीशी जोडलेला आहे, आणि आमच्या घरच्या तीन पिढ्यांनी काय कमावलं नि काय घालवलं ते मला त्या तासामुळं कळलं.

आबांच्या, म्हणजे आजोबांच्या काळात विहिरीवर मोट होती. चामड्याची मोट, जाड नाडा, सोंडेला बांधलेली सोल आणि धावेवरून उतरणारी बैलजोडी. पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटानं रानात जायचं. आबा पहाटेच मोट जुंपायचे आणि ऊन चढलं की सोडायचे, कारण बैल दमायचे. बैलांना विसावा मिळायचा तेवढ्यात विहिरीचे झरेही भरून यायचे. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं, पण व्हायचं तसंच.

दादांनी, म्हणजे वडिलांनी कर्ज काढून डिझेलचं इंजिन आणलं. हँडल मारून चालू करायचं, पट्ट्यावर पंप फिरायचा. बैलांचं दिवसाचं काम ते बघता बघता उरकायचं. आमच्या आईनं त्या इंजिनाला हळदीकुंकू लावलं होतं. पण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंप पाणी ओढंना व्हायचा. "पंप हवा घ्यायलाय," असं म्हणत दादा पाईपच्या जोडांना सुतळी गुंडाळायचे, सफेदा लावायचे, पाईपच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, काढून गाळ धुवायचे. तरी पाणी यायचं नाही.

त्याच सुमारास आमच्या विज्ञानाच्या सरांनी वातावरणाचा दाब शिकवला. तेव्हा आपला लातूरचा भाग उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. लातूर जिल्हा १९८२ साली झाला. सरांनी पाऱ्यानं भरलेली काचनळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली. पुस्तकात ७६ सेंटिमीटर लिहिलेलं, आणि आमचा पारा त्याच्या बराच खाली थांबला. एखाद्यानं "प्रयोग चुकला" म्हणून पुढचा धडा घेतला असता. सर म्हणाले, पुस्तकातला आकडा समुद्रकाठचा आहे, आपण सुमारे ६०० मीटर उंचावर राहतो, इथं हवेचा दाब कमीच असणार. मग फळ्यावर गणित मांडलं. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे पाऱ्याऐवजी पाणी असतं तर समुद्रकाठी ते १०.३ मीटर चढलं असतं, आपल्याकडं त्याहून कमी. पंप पाणी ओढत नाही. तो पाईपमधली हवा कमी करतो आणि बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. पाईपमधलं घर्षण वगैरे धरलं तर प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर पाणी चढणं अवघड.

संध्याकाळी मी हे दादांना सांगितलं. ते शाळा अर्ध्यावर सोडलेले, पण त्यांनी दोनदा विचारून समजून घेतलं. "मंजी पंपाचा दोष न्हाई. पंपच खाली न्यावा लागंल." पुढच्या हंगामाआधी विहिरीच्या आत कडेला टप्पा खोदून पंप खाली बसवला, आणि पाणी आलं. त्या दिवशी दादांनी सरांना शेंगा पाठवल्या होत्या.

आता विजेची पाणबुडी मोटर आहे. ती पाण्यात बुडून खालूनच पाणी वर ढकलते, त्यामुळं हवेच्या दाबाची ती मर्यादा तिला नाही. म्हणून तर शेकडो फूट खोल बोअर घेता येतात. माझा मुलगा पुण्यात असतो. रात्री लाईट आली की तिथूनच मोबाईल स्टार्टरनं मोटर चालू करतो. दादांनी रात्री-अपरात्री विंचूकाट्यात जाऊन पाटाच्या पाण्याची दारं धरलेली मी बघितलीत, त्यामुळं या सोयीची किंमत मला कळते.

पण आपल्या पायाखाली काळा खडक आहे. पाणी धरून ठेवतो तो वरचा मुरमाड, भेगाळलेला थर. त्याखालच्या अखंड कातळात फारसं काही नसतं. मोटेला बैलांनी आवरलं, इंजिनाला हवेच्या दाबानं. पाणबुडीला आवरणारं काही नाही, आणि आपणही आवरलं नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पाऊस कमी पडला हे खरंच. पण बोअर घेताना आमच्यापैकी कुणी फळ्यावर गणित मांडलं नव्हतं, हेही तितकंच खरं.

दादांचा तो पंप मी जपून ठेवला होता. आतला पंखा दिसावा म्हणून एका बाजूनं कापून, फूटव्हॉल्व्हसकट, तो शाळेच्या प्रयोगशाळेला देतो आहे. सोबत एक लांब मोजपट्टीही. शाळेच्या विहिरीची पातळी मुलांनी दर महिन्याला मोजावी आणि आकडा दर्शनी फळ्यावर लिहावा, असं मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. पहिली नोंद येत्या मे महिन्याची असेल.