आमची वाटचाल : सातव्या भागाच्या शोधात

ठाण्यात नौपाड्यातील दोन खोल्यांच्या जागेत दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७९ साली प्रकाशन सुरू केले, तेव्हा त्यांच्याजवळ वह्यांच्या विक्रीतून साठलेली थोडी रक्कम आणि एका शिक्षकाने लिहिलेले साहसकथांचे हस्तलिखित एवढेच भांडवल होते. त्या हस्तलिखितातून पुढे बारा भागांची मालिका उभी राहिली. प्रत्येक भाग सहा फॉर्मचा (एक फॉर्म म्हणजे साधारण सोळा छापील पाने), दुरंगी मुखपृष्ठाचा आणि तारेच्या शिलाईचा असे, आणि तो दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीआधी बाजारात यावा यासाठी दादा छापखान्यात रात्री काढत. आज चाळिशी-पन्नाशीत असलेले वाचक भेटले की त्या मुखपृष्ठांचे रंगसुद्धा सांगतात.

२६ जुलै २००५ च्या पावसात आमच्या तळमजल्यावरील गोदामात पाणी शिरले आणि सातव्या भागाच्या शिल्लक प्रतींबरोबर त्याच्या छपाईच्या फिल्मही गेल्या. त्याच पावसात अनेक वाचकांच्या घरची कपाटेही भिजली. तेव्हापासून सातवा भाग मिळेनासा झाला आणि ‘सातवा कधी काढताय?’ हा प्रश्न आम्हाला प्रत्येक पुस्तक प्रदर्शनात ऐकावा लागला.

ई-पुस्तकांचा विचार मनात आला तो हॅरी पॉटरमुळे. त्या मालिकेचा पहिला भाग १९९७ साली आणि सातवा २००७ साली आला, पण ई-आवृत्त्या मार्च २०१२ पर्यंत बाजारात नव्हत्या. डिजिटल हक्क लेखिका जे. के. रोलिंग यांनी स्वतःकडे राखले होते आणि विक्रीही ‘पॉटरमोर’ या त्यांच्याच संकेतस्थळावरून सुरू झाली. ज्यांनी दुकानाबाहेर रात्रभर रांगा लावून ती पुस्तके घेतली, ते त्याच मजकुरासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजतील का, ही चर्चा तेव्हा मी फार लक्षपूर्वक वाचत होतो, कारण आमच्या लहानशा मालिकेपुढेही नेमका तोच प्रश्न होता. मात्र त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला लागू पडेलच असे मी धरून चाललो नाही. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या ई-पुस्तक सेवेवर, मराठी पुस्तके आली, तेव्हा आम्ही कामाला लागलो.

पहिले काम हक्कांचे होते. दादांचा लेखकाशी झालेला करार एका पानाचा होता आणि त्यात ई-पुस्तकाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने असे ठरवले आहे की, करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याचे हक्क, करारात तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर, हस्तांतरित होत नाहीत. आमचा करार त्याच्या पुष्कळ आधीचा असला तरी त्या तरतुदीमागचा विचार मला पटला, म्हणून मी कोपरीला काकूंकडे, लेखकाच्या पत्नीकडे, नवा करार घेऊन गेलो. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एवढेच विचारले, “सातवा येणार ना रे त्यात?”

मजकुराचे काम वाटले त्यापेक्षा कितीतरी अवघड निघाले. नंतरच्या भागांच्या संगणकावरील फाइल होत्या, पण त्या युनिकोडपूर्व टंकातल्या. युनिकोड म्हणजे अक्षरे सर्व उपकरणांवर सारखीच ओळखली जावीत यासाठीची संगणकीय पद्धत. त्या युनिकोडमध्ये आणताना रफार सरकले, जोडाक्षरे फुटली आणि ‘ऱ्या’ची सरसकट ‘र्या’ झाली. आमच्या मुद्रितशोधक बाईंनी एके दिवशी मला बोलावून पडद्यावरची ओळ दाखवली. सह्याद्रीत भटकणारी मुले ‘दोन दऱ्या उतरून’ जाण्याऐवजी ‘दोन दर्या उतरून’ निघाली होती. दरी आणि समुद्र यांच्यातला फरक फक्त त्या लहानशा वळणाचा, आणि ‘दर्या’ हाही खरा शब्द असल्यामुळे कोणतेही यंत्र ती चूक पकडणार नव्हते. त्यानंतर बाराही भाग बाईंनी छापील प्रतीशेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासले. सातव्याची प्रत कळव्याच्या एका वाचकाने दिली. तिच्या पहिल्या पानावर शाईने नाव आणि ‘इयत्ता पाचवी, तुकडी ब’ असे लिहिलेले होते.

चित्रांनीही बरेच शिकवले. छापील पुस्तकात भुयाराचे चित्र पान उलटल्यावरच दिसे आणि मुले दचकत. पडद्यावर अक्षर मोठे केले की तेच चित्र दोन परिच्छेद आधी येऊन रहस्य फोडू लागले. शेवटी प्रत्येक चित्र त्याच्या नेमक्या वाक्यानंतर बांधून घेतले आणि भुयारापुरते नवे पान सुरू केले. किंमत छापील पुस्तकाच्या निम्म्याहून कमी ठेवली. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकावर तो आधी १८ टक्के होता, जुलै २०१८ पासून ५ टक्के झाला. आमच्यासारख्या लहान प्रकाशकाला तो दिलासा मोठा होता.

आता मूळ प्रश्न. ज्यांच्या कपाटात संच सुखरूप आहे, त्यांनी ई-पुस्तक जवळजवळ घेतलेच नाही. त्यांनी आमचे मनापासून कौतुक केले, इतरांना कळवले आणि छापील संचाची नवी आवृत्ती कधी, असे विचारले. सर्वाधिक खप सातव्या भागाचा झाला, तोही इतर भागांच्या कितीतरी पुढे. त्याखालोखाल पूर्ण संच घेणारे होते बंगळुरू, पुणे किंवा परदेशात स्थायिक झालेले वाचक, ज्यांची पुस्तके ठाण्या-डोंबिवलीची जुनी घरे आवरताना रद्दीत गेली. माझा स्वतःचा निष्कर्ष असा की, जवळ आहे ते वाचक पुन्हा विकत घेत नाही. हरवलेले मात्र तो किंमत न पाहता घेतो. मोबाईलवरील गटांतून सातव्या भागाची पाने छायाचित्रे काढून फिरत होती, याचे मला पूर्वी फार वाईट वाटे. तीच पाने पाठवणाऱ्या दोघांनी ई-पुस्तक आल्याच्या आठवड्यातच ते विकत घेतले.

माझा एक अंदाज पुरता चुकला. आईवडील आपल्या मुलांसाठी ई-पुस्तके घेतील, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात घरोघरी ‘मोबाईल ठेव आणि पुस्तक वाच’ असे सांगितले जाते, आणि त्याच मोबाईलवर पुस्तक देणे कोणत्याही आईला पटत नाही. मग ई-पुस्तके वाचतात ती मोठी माणसे, ठाण्याहून सीएसएमटीला जाताना लोकलमध्ये एका हाताने कडी धरून. आणि मुलांसाठी छापील प्रती मागतात. त्या मागणीमुळेच सातवा भाग, शुद्ध झालेल्या त्याच ई-फाइलवरून, आम्ही थोड्या प्रतींत पुन्हा छापला. पहिली प्रत घेऊन मी कोपरीला गेलो. काकूंनी भुयाराच्या चित्राचे पान काढले, आधीचे पान पुन्हा झाकले, आणि शेजारी बसलेल्या नातीला ते स्वतः उलटायला सांगितले.