इमॅजिन सॉफ्टवेअर बुडाली ती कॅसेटींच्या ढिगाखाली

1980 च्या दशकात कॉम्प्युटर गेम्स काढणाऱ्या लिव्हरपूलच्या इमॅजिन सॉफ्टवेअर या कंपनीचं नाव निघालं की आधी महागड्या गाड्या आठवतात, मग यूजीन इव्हान्स या कोवळ्या प्रोग्रॅमर पोराला वर्षाला 35,000 पौंड पगार असल्याच्या बातम्या. उधळपट्टी झाली, नाकारण्यात अर्थ नाही. पण माझ्या मते कंपनी बुडाली ती न खपलेल्या मालामुळे.

मार्क बटलर आणि डेव्हिड लॉसन बग-बाइट ही गेम कंपनी सोडून बाहेर पडले आणि इमॅजिन काढली ती 1982 मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला होता : 16के (म्हणजे 16 किलोबाइट) मेमरीचा 125 पौंडांना, 48केचा 175 पौंडांना. लॉसनचा पहिला गेम 'आर्केडिया' 16केमध्येच मावायचा, म्हणजे स्पेक्ट्रम असलेला कुणीही गिऱ्हाईक. किंमत साडेपाच पौंड. प्रसिद्धीची बाजू ब्रूस एव्हरिस सांभाळायचा, आणि ती त्याने जोरात सांभाळली.

तेव्हा गेम साध्या ऑडिओ कॅसेटवर विकले जात, आणि कॅसेटच्या धंद्यात पैसा आधी जातो आणि मागाहून येतो. कॉपी काढणाऱ्या कारखान्याकडे ऑर्डर आगाऊ द्यावी लागते, दुकानदार माल उधारीवर उचलतो, आणि वर्षाची खरी विक्री नाताळात. 1983 च्या नाताळाआधी इमॅजिनने एका मोठ्या कारखान्याची कॉपी काढण्याची क्षमता आपल्यासाठीच अडवून ठेवली, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना कॅसेटीच मिळू नयेत. डाव अंगावर आला. बाजार गेम्सनी भरून गेला, माल गोदामात पडून राहिला आणि रोकड त्यात अडकली. शिवाय कॅसेटवरचा गेम म्हणजे नुसता आवाज. दोन टेपरेकॉर्डर आणि एक वायर असली की पोरं घरीच कॉपी काढत.

या दोन्ही दुखण्यांवर उपाय म्हणून 'मेगागेम्स' निघाले : स्पेक्ट्रमसाठी 'बँडरस्नॅच', कमोडोर 64 या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरसाठी 'सायक्लॅप्स'. कल्पना तांत्रिकदृष्ट्या अजिबात खुळी नव्हती. 48के म्हणजे 49,152 बाइट. त्यातले 6,912 स्क्रीनलाच लागतात, उरतात 42,240. टेपवर शून्याचा बिट 1,710 क्लॉक सायकल घेतो, एकाचा 3,420. 3.5 मेगाहर्ट्झला सरासरी पडते सेकंदाला साधारण 1,360 बिट. म्हणजे टेपवरून स्क्रीनचं चित्र मेमरीत यायला 40 सेकंद, बाकीच्याला चार मिनिटं, आणि मेमरी संपली! म्हणून कॉम्प्युटरच्या मागच्या कनेक्टरला लावायचा जोड ठरला, त्यात जादा मेमरी. गेम मोठा होणार आणि नुसती कॅसेट कॉपी करून भागणार नाही. पण त्या प्रत्येक जोडाला चिपांचा खर्च, किंमत साध्या गेमच्या कितीतरी पट, आणि जाहिराती गेम तयार होण्याच्या आधीच छापून मोकळ्या. देणी थकलेली कंपनी हार्डवेअरच्या धंद्यात उतरत होती. मला गाड्यांपेक्षा हा निर्णय जास्त खटकतो.

शेवट बीबीसीच्या कॅमेऱ्यासमोर झाला, कारण त्यांचं पथक माहितीपटासाठी तिथेच चित्रण करत होतं. मासिकातल्या जाहिरातींच्या थकलेल्या बिलापायी प्रकाशकाने कोर्टात धाव घेतली आणि 9 जुलै 1984 ला कंपनी गुंडाळली गेली.

इमॅजिन हे नाव मँचेस्टरच्या ओशन या गेम कंपनीने विकत घेतलं आणि त्याच लेबलखाली आर्केड गेम्सची (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरच्या गेम्सची) रूपांतरं काढली. इमॅजिनच्या काही प्रोग्रॅमरांनी डेंटन डिझाइन्स ही कंपनी काढली. इमॅजिनमधल्याच इयन हेदरिंग्टन वगैरेंनी सिग्नोसिस ही गेम कंपनी उभी केली, जी 1993 मध्ये सोनीने घेतली. 'बँडरस्नॅच'मधलं जे उरलं त्यातून 1986 मध्ये 'ब्राटॅकस' आला, अटारी एसटी आणि अमिगा या नव्या कॉम्प्युटरांवर. तिथे मेमरीसाठी वेगळा जोड लागत नव्हता.

हे गेम्स आज खेळून पाहायचे असतील तर एम्युलेटर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) 48के मोडमध्ये ठेवा, 'J' ही कळ दाबा (लोड हा शब्द आपोआप उमटतो), मग सिंबल शिफ्टसह 'P' दोनदा, एंटर, आणि टेप सुरू करा. सुरुवात 'आर्केडिया' किंवा 'झूम'ने करावी. 'स्टाँकर्स' मात्र मूळातच खेळता खेळता बंद पडतो, ती तुमच्या फाइलची चूक नव्हे. दर थोड्या वेळाने स्नॅपशॉट (त्या क्षणाची खेळाची स्थिती) जतन करत राहा.