झेपेल तेवढी रोजनिशी

आज जेवणाच्या सुट्टीत वहीत चार ओळी खरडल्या आणि वाटलं, चला, हे आपल्याला जमतंय. सकाळी उठल्या उठल्या तीन पानं लिहिणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. आमच्याकडे पेन सापडेपर्यंत निघायची वेळ होते.

मला मानवली ती रायडर कॅरोल या डिझायनरची बुलेट जर्नल पद्धत, म्हणजे छोट्या खुणा करून थोडक्यात नोंदी ठेवायची रीत, तीही अर्धीमुर्धी. कामापुढे टिंब, घडलेल्या गोष्टीपुढे छोटा गोल, नुसत्या नोंदीपुढे आडवी रेघ. काम झालं की टिंबावर फुली. राहिलं तर बाणाचं टोक काढून ते पुढे पुन्हा हाताने उतरवायचं. खरी गंमत इथेच आहे. आज 'जुन्या फायली लावणे' परत लिहिताना हात थांबला. किती पानं हे माझ्यामागे फिरतंय! सरळ काट मारली. काम न करताच संपलं, आणि जिवाला चक्क बरं वाटलं.

(नेटवर दिसणाऱ्या रंगीत, नक्षीदार पानांच्या नादी लागू नका. मूळ पद्धतीला एक वही नि एक पेन पुरतं.)

मन भरून आलं की मात्र टिंबं-रेघा कामाच्या नाहीत. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं लिहिलं होतं. काहींनी आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगांबद्दल. तसल्या लिखाणासाठी मी मागची पानं राखून ठेवलीत. ती क्वचितच उघडतात. रोजची सक्ती केली असती तर वही केव्हाच माळ्यावर गेली असती.