लाजाळू शिकते की दमते?

पावसाळ्यात गोव्यात शेताच्या बांधावर आणि जांभ्याच्या गडग्याशी लाजाळू रानोमाळ पसरते. वनस्पतींना बुद्धी असते का, या वादातला एक फार गाजलेला प्रयोग याच रोपावर झालाय. पडवीत करण्याजोगा आहे, म्हणून तपशिलात लिहितोय.

2014 साली मोनिका गालियानो आणि सहकाऱ्यांनी कुंडीतली रोपं 15 सेंटिमीटरवरून खाली सोडली, एका सत्रात 60 वेळा. आधी पानं मिटली, मग उघडीच राहू लागली. 28 दिवसांनीही रोपांनी तो धक्का मनावर घेतला नाही. धक्क्याने इजा होत नाही हे रोप शिकलं, असा त्यांचा निष्कर्ष.

पण पान मिटतं कसं ते पाहा. देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. धक्का बसला की त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि क्लोराइड बाहेर पडतं, मागोमाग पाणी जातं, आणि सांधा सैल पडून वाकतो. पूर्ववत व्हायला दहा-वीस मिनिटं सहज जातात. मग साठाव्या धक्क्याला पान हललं नाही, तर रोप शिकलं म्हणायचं की सांधा दमला? वरून दोन्ही सारखंच दिसतं.

म्हणून गालियानो यांनी शेवटी रोपं गदागदा हलवली, आणि पानं मिटली; म्हणजे सांधा दमलेला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. यावर 2018 मध्ये रॉबर्ट बीगलर यांनी हरकत घेतली. हलवणं हा जास्त जोराचा धक्का असेल, तर दमलेला सांधाही त्याला दाद देईल. मला ही हरकत बिनतोड वाटते.

तेव्हा घरी करताना आधी ताज्या रोपांवर दोन्ही धक्के तोलून घ्या. पाडल्यावर आणि हलवल्यावर पान सारखंच मिटेल इतपतच हलवा. पानाची रुंदी पट्टीने मोजा. मग निम्म्या रोपांना पाडण्याची सवय लावून शेवटी हलवा, उरलेल्यांना उलट. दोन्हीकडे नवा धक्का लागू पडला, तरच दमण्याची शंका मिटते.

बांधावरचं रोप उपटून आणू नका. मूळ तुटतं आणि रोप कित्येक दिवस मलूल राहतं. बी गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरा. कुंडीखाली घडी घातलेली गोधडी ठेवा, आणि कुंडी सरळ पडावी म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या उभ्या करा. प्रयोग सकाळीच करा, संध्याकाळी पानं आपसूक मिटतात.

यातून जाणीव मात्र सिद्ध होत नाही. ॲप्लिसिया ही समुद्री गोगलगाय वारंवार स्पर्श केला की कल्ला आत ओढणं सोडते. त्यामागचे चेतापेशींतले बदल एरिक कँडेल यांनी उलगडले, आणि स्मृतीवरच्या अशा कामासाठी त्यांना 2000 चं नोबेल मिळालं. तेवढ्यासाठी तिला काही 'जाणवतं' असं मानावं लागत नाही. लाजाळूला तर चेतापेशीच नाहीत.

एक राहिलं. 28 दिवसांनी सवय पुन्हा तपासायची असेल, तर तोवर कुंडी पागोळ्यांपासून दूर, पडवीच्या आतल्या बाजूला पण उजेडात ठेवा. पावसाचा प्रत्येक थेंब हाही धक्काच असतो. रोप भिजत राहिलं, तर शेवटी कशाची सवय मोजली ते कळायचं नाही.