यवतमाळच्या आजी आणि कोरं कापड

बाळंतविड्याची ऑर्डर असली की मी गिऱ्हाइकाला घरीच बोलावते आणि कापड हातात देते. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, सगळंच बाळाच्या अंगाला लागणार. फोटो बघून ते ठरवणं मला पटत नाही. गेल्या पावसाळ्यात असंच एक कुटुंब आलं होतं: सातवा महिना लागलेली मुलगी, तिची आई आणि यवतमाळकडची आजी. "ताई, ऑर्गॅनिकच हवं," असं मुलीने फोनवरच बजावलेलं.

टेबलावर दोन ताके होते. एक रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याने 'ऑर्गॅनिक मलमल' म्हणून पाठवलेला, पांढराशुभ्र आणि लोण्यासारखा मऊ. दुसरा विदर्भातल्या कापसाचा, कोरा, पिवळसर, मधूनमधून तपकिरी ठिपके असलेला, आणि भाव जवळजवळ दुप्पट. मुलीचा हात अर्थातच पहिल्यावर गेला.

दोन्हींचे धागे मी सकाळीच जाळून पाहिले होते. दोन्ही कागदासारखे जळले, बोटाने चुरडली तर राख मऊ. म्हणजे दोन्हींत पॉलिस्टर नाही. पण ही परीक्षा इथेच संपते. कापूस सेंद्रिय होता का, हे ना ज्वाला सांगते ना बोटं. पांढरेपणावरूनही ठरत नाही, कारण 'गॉट्स' या सेंद्रिय कापडाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राच्या नियमांत क्लोरीनचं ब्लीच चालत नसलं तरी ऑक्सिजनचं चालतं. शेवटी कागदच बघावा लागतो. व्यापाऱ्याने मला एका गिरणीच्या स्कोप सर्टिफिकेटचा फोटो पाठवला होता. ते गिरणीला मिळालेलं असतं, एखाद्या ताक्याला नाही. विकलेल्या मालाचा दाखला म्हणजे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. कोणी कोणाला किती माल दिला हे त्यात असतं. माझ्यासारख्या थोडं कापड घेणारीच्या नावाने तो निघत नाही, पण विकणाऱ्याकडे त्याच्या खरेदीचा तरी असायला हवा. कोऱ्या ताक्यावाल्यांनी तो न मागता दाखवला होता. पेठेतून "बघतो" एवढंच उत्तर आलं.

मी हे सांगत असताना आजी कोऱ्या कापडावरून अंगठा फिरवत होत्या. एका ठिपक्यावर नख टेकवून म्हणाल्या, "हे सरकीचं टरफल होय, बाई."

मग त्या 2017 सालाबद्दल बोलायला लागल्या. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, माणसाच्या उंचीची झाली होती, फवारा थेट तोंडावर यायचा. "आमच्या शेजारच्या पोराले बी दवाखान्यात न्या लागलं. डोळ्याले दिसेनाच त्याच्या." मुलीने हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती आजीकडे बघतच राहिली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "म्हणजे हे बाळाला जास्त चांगलं ना?"

या प्रश्नाला मी सगळ्यांना जे सांगते तेच तिला सांगितलं. बोंडावर फवारलेलं औषध कापड होईपर्यंतच्या उकळण्या-धुण्यात बहुतेक निघून जातं. बाळाच्या कातडीला त्रास होतो तो मुख्यतः रंगाचा, खळीचा, सुरकुत्या पडू नयेत म्हणून चढवलेल्या रसायनांचा. बिनरंगी साधं सुती कापड नीट धुतलं तर तेही बाळाला चांगलंच. सेंद्रियचे जादा पैसे मोजायचे ते पाठीवर पंप घेऊन रानात उतरणाऱ्या माणसासाठी. असं सांगितल्यावर एखादं गिऱ्हाईक साध्या सुतीवर येतं, तरी बाळाच्या नावाने भीती घालून कापड विकायला माझं मन घेत नाही.

"मंग तेच घे," आजी म्हणाल्या. मुलीने मान डोलावली, फक्त टोपड्यांना पांढरी लेस हवी म्हणाली.

कोरं कापड आटतं, म्हणून बेतण्याआधी गरम पाण्यात भिजवलं. मीटरभरावर खुणा केल्या होत्या, वाळल्यावर उभ्या धाग्यात पाचेक सेंटीमीटर कमी भरलं. ते धरूनच झबली बेतली. चिठ्ठीवर 'गॉट्स'चा शिक्का मात्र नाही. कापड प्रमाणित असलं तरी शिवणारी मी प्रमाणित नाही, तेव्हा तो मला लावता येत नाही. हेही त्यांना आधीच सांगितलं होतं.

पेठेतल्या व्यापाऱ्याला संध्याकाळी फोन केला: दाखला द्या, नाहीतर साध्या मलमलीच्या भावात द्या. तो साध्या भावाला तयार झाला. त्या ताक्याची दुपटी शिवली, आणि त्यांच्या चिठ्ठीवर 'सुती मलमल' एवढंच लिहिलं.